एकाच खोलीत सहा माणसे, मग धोका सारखा का नव्हता?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाला उत्तर देते आहे हे इतर वाचकांनाही कळेल. शिवडीतल्या एका जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय सोळाच्या खोलीत तुम्ही सहा जण राहत होता: आई, वडील, थोरले बंधू, वहिनी, त्यांची लहान मुलगी आणि तुम्ही. एप्रिल २०२१ मध्ये आठवडाभरात घरातल्या सगळ्यांना कोविड झाला. ६८ वर्षांच्या आईंना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्या आठ दिवस रुग्णालयात राहून घरी आल्या. ४१ वर्षांचे बंधू, ज्यांना ‘कसलाच आजार नव्हता, सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हते’, ते गेले. तुम्ही विचारता की वय, मधुमेह, रक्तदाब यांबद्दल डॉक्टर जे सांगत होते त्याला काही अर्थ आहे की शेवटी सगळे नशिबावर होते, आणि पुन्हा अशी साथ आलीच तर तुमच्यासारख्या एका खोलीच्या घराने काय करायचे. शेवटच्या ओळीत तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली आहे, की टाळेबंदीत औषधांच्या घाऊक दुकानात रोज कामाला जाणारे घरातले तुम्ही एकटेच होता. तिच्याकडे मी शेवटी येते.

मी परळ भागात सव्वीस वर्षे दवाखाना चालवते. माझे निम्म्याहून अधिक रुग्ण चाळींत राहणारे आहेत आणि त्या दोन वर्षांत मी दवाखान्याबरोबर ताप तपासणी शिबिरांतही काम केले. तरीही तुमच्या बंधूंचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे ते का गेले याचे उत्तर मी देऊ शकत नाही आणि कागद न पाहता कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नका. असा प्रश्न आला की मी तो कसा उलगडते, एवढे मात्र सांगता येईल.

अडचण ‘धोका’ या शब्दात आहे. आपण तो एकच असल्यासारखा वापरतो, पण साथीत माणसापुढे निदान तीन वेगळे धोके असतात. लागण होण्याचा एक, लागण झाल्यावर आजार गंभीर होण्याचा दुसरा, आणि गंभीर झाल्यावर योग्य उपचार वेळेत न मिळण्याचा तिसरा. पहिला मुख्यतः घर, काम आणि प्रवास ठरवतात. दुसरा शरीर ठरवते. तिसरा पैसा, अंतर आणि घरात आपल्याकडे लक्ष देणारे कोण आहे यावर अवलंबून असतो. या तिघांचा गुणाकार होतो, त्यामुळे एखाद्याचा दुसरा धोका लहान असला तरी पहिला आणि तिसरा मोठे असतील तर हिशेब उलटू शकतो. साथीच्या काळात वर्तमानपत्रांतून जी सहव्याधींची, म्हणजे आधीपासून असलेल्या आजारांची, चर्चा झाली ती जवळजवळ सगळी दुसऱ्या धोक्याबद्दल होती, आणि म्हणून तुमच्या घरात घडले ते तुम्हाला त्या चर्चेत बसवता येत नाही.

पहिल्या धोक्यापासून सुरू करते. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा-वडाळा या भागांतल्या तीन वॉर्डांत रक्तातली प्रतिपिंडे तपासली. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांना तोवर लागण होऊन गेलेली होती, आणि त्याच वॉर्डांतल्या इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांना. शहर तेच, महिना तोच, विषाणूही तोच होता. टाळेबंदीही दोघांना सारखीच होती, किंबहुना झोपडपट्टीत पोलिसांचा पहारा अधिक कडक होता. तरीही साडेतीन पटींचा फरक पडला, तो भिंतींमुळे आणि संडासांमुळे. त्याच सुमारास पुण्यात झालेल्या पाहणीतही सामायिक संडास वापरणाऱ्यांत लागणीचे प्रमाण स्वतंत्र संडास असणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले.

तुमच्या खोलीचा हिशेब मांडून पाहा. दहा बाय सोळा आणि उंची दहा फूट धरली तर खोलीत सुमारे ४५ घनमीटर हवा मावते. झोपलेला माणूस मिनिटाला साधारण ६ लिटर हवा आत-बाहेर करतो. सहा माणसे, आठ तास, खिडकी आणि दार बंद असे धरले तर सकाळपर्यंत सतरा घनमीटरच्या आसपास हवा कोणाच्या ना कोणाच्या फुप्फुसांतून जाऊन आलेली असते, म्हणजे खोलीतल्या एकूण हवेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. माळा असेल तर खोली आणखी आखूड. कोविडचा विषाणू श्वासाबरोबर निघणाऱ्या अगदी सूक्ष्म थेंबांतून हवेत तरंगत राहतो हे मान्य व्हायला अधिकृत यंत्रणांनी बराच वेळ लावला, आणि तोवर आपण सगळे भाजीच्या पिशव्या धूत बसलो होतो. मीही धुतल्या. हात धुणे वाईट नाही, पण एका खोलीतल्या कुटुंबाला त्या काळात ‘रात्री दार उघडे ठेवा’ हे कोणीतरी ठासून सांगायला हवे होते, आणि माझ्यासह फारच थोड्यांनी सांगितले.

संडासांबद्दल एक वेगळा मुद्दा. सकाळी सहा ते आठ या वेळात तुमच्या मजल्यावरची माणसे ज्या चिंचोळ्या जागेत डबा किंवा बादली घेऊन उभी राहतात, तिथे हवा जवळजवळ हलत नाही. याशिवाय सांडपाण्याच्या नळांतूनही संसर्ग वर चढू शकतो. २००३ साली सार्सच्या साथीत हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली, आणि तपासात जे मार्ग पुढे आले त्यांत न्हाणीघरातल्या कोरड्या पडलेल्या जाळ्या हा एक होता. आपल्याकडे प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात त्याच्या वाकात पाणी साचलेले असते आणि ते खालच्या नळातली हवा वर येऊ देत नाही. मोरी वापरात नसेल तर ते वाळते. आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी ओतणे एवढाच त्यावरचा उपाय आहे. तुमची मोरी रोज वापरात असल्याने तिथे हा प्रश्न नसेल, मात्र चाळीत कुलूपबंद असलेल्या खोल्यांच्या मोऱ्यांचा विचार कोणीतरी करायला हवा.

आता दुसरा धोका, शरीराचा. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने सुरुवातीच्या रुग्णांचे जे आकडे दिले त्यांत कोणताही ज्ञात आजार नसलेल्या निश्चित रुग्णांपैकी ०.९ टक्के दगावले होते, मधुमेहींपैकी ७.३ टक्के आणि हृदयविकार असलेल्यांपैकी १०.५ टक्के, ८० वर्षांवरील रुग्णांत तेच प्रमाण १४.८ टक्के होते. हे आकडे त्या वेळच्या तपासणीवर अवलंबून होते आणि नंतर बदलले, पण त्यांचा कल पुढे सगळीकडे तसाच दिसला. वयाचा परिणाम या सगळ्यांत सर्वांत मोठा होता. रक्तदाबाचे आकडे मी स्वतः थोडे सावधपणे वाचते, कारण रक्तदाब असलेली माणसे मुळातच वयस्क असतात आणि वयाचा वाटा रक्तदाबाच्या नावावर जमा होतो.

वरच्या परिच्छेदातला ‘ज्ञात’ हा शब्द पुन्हा वाचा. ‘आजार नव्हता’ आणि ‘आजार माहीत नव्हता’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे मला माझ्या दवाखान्यात रोज दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या आर्थिक साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे, १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. यांतल्या कितीतरी जणांना ते ठाऊक नसते, कारण साखर वाढली म्हणून काही दुखत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका दुपारी ३९ वर्षांचे एक गृहस्थ तापाचा चौथा दिवस म्हणून आले होते. आजार विचारला तर ‘नाही’, औषधे विचारली तर ‘काही नाही’. बोलताना ते तिसऱ्यांदा पाणी मागू लागले तेव्हा मी त्यांच्या बोटाला सुई टोचली आणि यंत्रावर साखरेचा आकडा ३८६ आला. त्यांनी तोवर आयुष्यात एकदाही रक्त तपासले नव्हते, आणि त्यांच्या हिशेबाने ते निरोगी होते.

तुम्ही बंधूंची उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ९४ किलो असे सहज ओघात लिहिले आहे. त्यावरून शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) साडेचौतीसच्या आसपास येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी जास्त साठते. कोविडमध्ये, विशेषतः साठीच्या आतल्या माणसांत, स्थूलता हे गंभीर आजाराचे ठळक कारण ठरले. पोटाच्या घेरामुळे झोपलेल्या अवस्थेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला खाली सरकायला जागा कमी मिळते, फुप्फुसांचा तळ नीट फुगत नाही, आणि चरबीमुळे शरीरातला दाह आधीच थोडा चढलेला असतो. याच्या जोडीला न तपासलेली साखर असेल तर पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. बंधूंना मधुमेह होता असे मी म्हणत नाही. रुग्णालयाच्या कागदांत एचबीए१सी, म्हणजे आपण ज्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो, ती लिहिलेली असेल तर पाहा. तेव्हाची नुसती साखर पाहून काही ठरवू नका. गंभीर आजारात आणि स्टिरॉइडमुळे ती कोणाचीही चढते.

उलट तुमच्या आईंचा मधुमेह पंधरा वर्षे माहीत होता. तुम्ही लिहिता की त्या दर तीन महिन्यांनी तपासणी करतात आणि साखर आटोक्यात आहे. आटोक्यातला मधुमेह आणि मोकाट मधुमेह यांना मी दोन वेगळे आजार समजते, निदान साथीपुरते तरी. आणखी एक गोष्ट तुमच्या मजकुरात तारखेसकट आहे, पण तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. आईंना मार्चच्या मध्यावर लसीची पहिली मात्रा मिळाली होती. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना आणि पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाच्या ठरावीक आजार असलेल्यांना लस सुरू झाली, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना, आणि अठरा वर्षांवरील सर्वांना १ मेपासून. बंधू ४१ वर्षांचे होते. त्यांना ताप आला त्या दिवशी सरकारी नियमाने ते लसीच्या रांगेत उभेच राहू शकत नव्हते. एका मात्रेने पूर्ण संरक्षण मिळत नाही हे खरे, पण महिनाभरापूर्वी घेतलेली एक मात्रा आणि शून्य मात्रा यांत गंभीर आजाराच्या दृष्टीने बराच फरक असतो. वयाच्या पायरीवर आई कितीतरी वर होत्या. ज्ञात आजार, आटोक्यातली साखर आणि ती एक मात्रा यांनी त्यांना काही पायऱ्या खाली आणले, आणि बंधूंना वजनाने काही पायऱ्या वर नेले. तरीही एवढ्याच कारणांनी दोघांची जागा पूर्ण बदलावी असे मला वाटत नाही. त्यासाठी तिसऱ्या धोक्याकडे यावे लागते.

तुम्ही दिलेला क्रम असा: आईंचा ताप ओळखल्याच्या पहिल्या दिवसापासून घरातले सगळे त्यांच्याभोवती होते, दर तीन-चार तासांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला जात होता, आणि पाचव्या दिवशी आकडा ९२ दिसताच बंधूंनीच पालिकेच्या वॉर रूमला, म्हणजे वॉर्डातल्या कोविड नियंत्रण कक्षाला, फोन करून, दोन ठिकाणी फिरून खाट मिळवली. त्या वेळी बंधूंनाही ताप होता. त्यांचा ऑक्सिजन पहिल्यांदा मोजला गेला तो नवव्या दिवशी, आणि तो ८२ होता. याच नऊ दिवसांत कोणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या औषधांच्या यादीतल्या गोळ्या ते दुसऱ्या दिवसापासून घेत होते आणि ‘त्यात स्टिरॉइड होते असे नंतर कळले’.

ही दोन वाक्ये मला तुमच्या संपूर्ण मजकुरात सर्वांत जड वाटली. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांतले सुमारे एकपंचमांशाने कमी करते. पण ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही, उलट नुकसान होण्याकडे आकडे झुकत होते. पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी लढत असते आणि स्टिरॉइड त्या लढणाऱ्यांचेच हात धरते. शिवाय ते ताप उतरवते, माणसाला तरतरी आणते आणि साखर चढवते, म्हणजे बाहेरून बरे वाटत असताना आत आजार पुढे सरकत राहतो. त्याच उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे जे रुग्ण महाराष्ट्रात आणि गुजरातेत मोठ्या संख्येने दिसले, त्यांच्यामागे चढलेली साखर आणि स्टिरॉइडचा अतिवापर ही जोडी वारंवार आढळत होती. बंधूंच्या बाबतीत नेमके काय झाले ते मला माहीत नाही. परंतु तरतरी वाटणारा, धावपळ करणारा, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही असा घरातला कर्ता पुरुष नवव्या दिवशी एकदम कोसळतो, हे चित्र त्या महिन्यात मी इतक्या घरांत पाहिले की मी त्याला मनातल्या मनात एक नावच ठेवले होते: धावणारा रुग्ण. ज्या घरात एकाचा धोका सगळ्यांना ठाऊक असतो तिथे दुसऱ्याचा दिसेनासा होतो.

वस्तीचा आणि गरिबीचा या तिसऱ्या धोक्याशी असलेला संबंध नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहरातले मृत्यू आरोग्य खात्याने समाजवार नोंदवले होते. दर हजारी युरोपियनांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९, आणि अहवालाने ज्यांना ‘लो कास्ट हिंदू’ म्हटले त्यांच्यात ६१.६. फुप्फुसांची जात निराळी नसते. एका खोलीत किती जण झोपतात, तापातही कामावर जावे लागते का, आणि अंथरुणाशी पेज आणून देणारे कोणी उठून उभे आहे का, यांनी तो सातपट फरक पाडला. त्या काळी औषध कोणाकडेच नव्हते, तेव्हा महागड्या उपचारांना त्याचे श्रेय देता येत नाही.

याच साथीने दुसरी एक गोष्ट शिकवली आणि तुमच्या ‘पुन्हा आली तर’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या प्रमाणावर मेली. २००९ च्या स्वाइन फ्लूतही भारतातला पहिला मृत्यू पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा होता, आणि त्या साथीत गरोदर स्त्रियांना विशेष त्रास झाला. म्हणजे वृद्धांना सर्वाधिक धोका हा कोविडचा नियम होता, सगळ्या साथींचा नाही. पुढच्या विषाणूचा स्वभाव पहिल्या काही आठवड्यांत कळेल तेव्हा शरीराबद्दलचे हे हिशेब पुन्हा मांडावे लागतील. श्वासावाटे पसरणारा कोणताही आजार असला तर खोली, हवा, साखर आणि उशीर यांबद्दलचे हिशेब मात्र बहुतांशी टिकतील, म्हणून मी तुम्हाला त्यांच्यापुरतेच सांगते.

हवेपासून सुरुवात करा, कारण ती स्वस्त आहे. एक टेबल फॅन खिडकीत, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा आणि गॅलरीकडचे दार किंवा दाराची वरची झडप उघडी ठेवा. म्हणजे आतली हवा खिडकीतून बाहेर जाते आणि गॅलरीतून नवी आत येते. छताचा पंखा तीच हवा खोलीत फिरवतो, बदलत नाही. घरात ताप आलेल्याची झोपण्याची जागा खिडकीशी, म्हणजे हवा बाहेर जाते त्या टोकाला, आणि वडील-आईंची दाराशी. ही मांडणी आपल्याकडच्या शिष्टाचाराच्या उलट आहे हे मला माहीत आहे. आजाऱ्याला आपण आतल्या कोपऱ्यात आणि वडीलधाऱ्यांना खिडकीची जागा देतो. पडदा लावून विलगीकरण होत नाही, साडीचा असो की प्लास्टिकचा. पावसाळ्यात खिडकी बंद करावी लागली तर निदान आजाऱ्याने आणि त्याची काळजी घेणाऱ्याने चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावावा.

‘घरातच वेगळे राहा’ हा सल्ला ज्याच्या घरात दुसरी खोली आहे त्याच्यासाठी लिहिलेला होता. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण सापडला, आणि जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या त्या वस्तीत पालिकेने लवकरच ओळखले की तिथे गृहविलगीकरण अशक्य आहे. म्हणून शाळा, क्रीडासंकुल यांसारख्या जागा ताब्यात घेऊन संशयितांना घराबाहेर ठेवले आणि सामायिक संडासांची दिवसातून अनेकदा सफाई लावली. चाळीच्या पातळीवर याचे छोटे रूप शक्य आहे. तुमच्या चाळीत कायम कुलूप असलेल्या खोल्या असतील, मंडळाची खोली असेल. ती साथीच्या दिवसांत कोणासाठी, कोणाच्या परवानगीने उघडायची हे चाळसमितीने आता, शांत असताना ठरवावे. ताप आल्यावर यावर भांडणेच होतात. जागा एकच असेल तर मी आजाऱ्याऐवजी वृद्धांना तिथे हलवण्याच्या बाजूने आहे, आणि तेही घरात पहिला ताप येण्याआधी, शहरात रुग्ण वाढू लागताच. गावच्या घराबद्दल तुम्ही विचारले आहे. आधीच, निरोगी असताना गेलात तर ठीक; पण तिथून प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय किती तासांवर आहे ते पाहूनच ठरवा.

ऑक्सिमीटर घरात असेलच. बोट गार असेल, नखाला रंग किंवा मेंदी असेल तर आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवते, तेव्हा ९४ ला ९४ च समजून निश्चिंत होऊ नका. धाप नसेल आणि बसून ९४ किंवा वर असेल तर गॅलरीत सहा मिनिटे नेहमीच्या चालीने चालून पुन्हा मोजा. तीन-चार अंकांनी खाली आले किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वयस्क माणसांना तीन मिनिटे पुरतात, आणि ज्यांना आधीच दम लागतो त्यांनी हे करू नये. घरातल्या प्रत्येकाचा आकडा एका वहीत लिहा. प्रत्येकाचा म्हणजे धावपळ करणाऱ्याचासुद्धा, आणि त्याचा सर्वांत आधी.

शरीराच्या बाजूने साथ आल्यावर करण्यासारखे फार थोडे उरते. वजन आठ दिवसांत उतरत नाही, साखर महिन्याभरात थोडीफार ताळ्यावर येते. जे करायचे ते अशा शांत वर्षांत: तीन महिन्यांची साखर, रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी). फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल आई-वडिलांच्या डॉक्टरांशी बोला. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. २०२० मध्ये देशात क्षयरोगाच्या नोंदी आदल्या वर्षाच्या २४ लाखांवरून १८ लाखांवर आल्या, आणि त्याचे कारण रोग घटला हे नव्हते, तपासणी घटली हे होते.

आता ती शेवटची ओळ. तुम्ही बाहेर जात होता म्हणून तुम्हीच आजार घरात आणला असे तुम्ही धरून चालला आहात. तुम्हीच दिलेल्या तारखांप्रमाणे पहिला ताप वहिनींना आला, दुसऱ्या दिवशी आईंना आणि बंधूंना, आणि तुम्हाला सर्वांत शेवटी. यावरून तुम्ही आणला नाही असेही सिद्ध होत नाही, कारण लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही लागण होते. पण तुमच्या मजल्यावर वीस खोल्या आणि चार संडास आहेत, आणि त्या महिन्यात त्या गॅलरीत आणखी सात घरांत रुग्ण होते असे तुम्हीच लिहिले आहे. अशा ठिकाणी साखळीची पहिली कडी शोधून काढणे साथरोगतज्ज्ञांनाही जमत नाही. मी त्या महिन्यात अनेक चाळींत हा प्रयत्न केला आणि एकाही चाळीत मला तो तडीस नेता आला नाही.

आणखी एक. स्वतःबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे: ‘मला काही आजार नाही.’ तुम्ही पस्तिशी ओलांडली आहे, आईंना मधुमेह आहे आणि तुमचे वजन तुम्ही सांगितलेले नाही. या आठवड्यात उपाशीपोटी रक्त द्या, सोबत वहिनींनाही न्या, आणि दोघांचे आकडे इथे कळवा.